ताई, मशीन अडलंय : डिस्क बदलताना

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं डेस्कटॉपच्या डिस्कबद्दल आहेत. कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० वरून हात काढून घेतला, म्हणजे त्याचे नेहमीचे अपडेट थांबवले, आणि तेव्हापासून नवं मशीन घ्यायचं की आहे त्यातच एसएसडी, म्हणजे फिरणाऱ्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, टाकायची, हा प्रश्न घरोघरी चालू आहे. सांगलीतल्या माझ्या रिपेअरिंगच्या टेबलावरही सध्या हेच काम जास्त. म्हणून हा अंक डिस्कचाच.

प्रश्न : ताई, माझी छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हळदीकुंकवाची कार्डं. मशीन २०१३ सालचं, एच ६१ जातीचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय ३, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी त्यावरच चालतं. सकाळी बटण दाबून चहा पिऊन आलो तरी चक्र फिरतच असतं. दुकानदार म्हणतो, ४८० जीबीची एसएसडी घ्या, विंडोज ११ टाकून देतो, पळायला लागेल. पण इतक्या वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. हात लावू का?
— प्रेसवाला, मिरज

उत्तर : डिस्क बदला दादा, विंडोज बदलू नका. तुमचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसतच नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. खटपटी करून टाकून देणारे आहेत, आणि ते चालूही होतं. पण त्यावर तुमचा पेजमेकर कसा वागेल याची हमी टाकून देणारा घेणार नाही. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये. ते चालतंय तोवर त्याच्या आजूबाजूचं काही हलवायचं नाही, हे मी प्रत्येक प्रेसवाल्याला बजावते. तुम्हाला पाहिजे तो क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल.

कोरं विंडोज टाकलं तर काय होतं ते ऐका. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलमध्ये असतात रोमन अक्षरांचे नंबर, आणि त्या नंबरांवर देवनागरीचे आकार बसवायचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘श्री गणेश प्रसन्न’ उघडा, डॉलरची चिन्हं, कंस आणि तुटकी एबीसीडी दिसेल. फाइल शाबूत असते, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याचा उपयोग काय? फॉन्ट परत टाकता येतात, पण ते कुठल्या सीडीतून आले होते आणि डोंगलचा, म्हणजे लायसन्ससाठी मशीनला लावायच्या किल्लीचा, ड्रायव्हर कुठला होता, हे इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय. क्लोनमध्ये हे सगळं आपोआप बरोबर येतं.

आता दुकानदाराच्या ४८० जीबीकडे वळू. तुमची जुनी डिस्क ५०० ची, म्हणजे विंडोज तिला ४६५ दाखवतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ४८० ची एसएसडी दिसते ४४७. मोठ्यातलं छोट्यात जसंच्या तसं जात नाही. क्लोनझिलासारखं मोफत सॉफ्टवेअर सरळ नकार देतं. आधी पार्टिशन आकसून घेऊन जमवता येतं, पण भरत आलेल्या आणि जुनाट डिस्कवर ती कसरत मला पसंत नाही. ५०० किंवा ५१२ ची घ्या, म्हणजे वादच नको. एनव्हीएमई म्हणजे थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी पट्टी, तिच्या नादाला लागू नका, तुमच्या बोर्डावर ती खाच नाही. अडीच इंची साटा एसएसडीच घ्यायची, म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कसारखी केबलनं जोडायची.

एक गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते. एच ६१ च्या साटा पोर्टचा वेग ३ गिगाबिट, नव्या बोर्डांच्या निम्मा. खरं आहे, आणि तुम्हाला त्याचा काही फरक पडत नाही. तुमची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय ते डोकं धरणारा दांडा हलायला वेळ तो वेगळाच. मशीन सुरू होताना शेकडो फॉन्ट आणि हजारो बारक्या फाइली अशा एकेक करून उचलल्या जातात. तुमचा चहा होतो तो त्यात. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिला एवढ्याच कामाला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो. पोर्ट जुना असला तरी ही वाट बघणं संपतं.

काम सुरू करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळा चौकोन आला तर ठीक. पिवळा आला तर ०५, सी ५ आणि सी ६ या ओळींच्या शेवटचे आकडे बघा. ०५ म्हणजे खराब झालेले आणि बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे बारके कप्पे), सी ५ म्हणजे वाचता न आल्यानं लटकलेले, सी ६ म्हणजे हात टेकलेले. सी ५ शून्य नसेल तर क्लोन लगेच लावू नका. क्लोन करताना डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली जाते, आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकते. आधी पत्रिकांची फोल्डरं आणि फॉन्टचं फोल्डर पोर्टेबल डिस्कवर हातानं उतरवून घ्या. खरं तर आकडे कितीही चांगले असोत, एवढं कराच.

उघडताना : स्विच बंद, वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग आत घाला. दोन्ही बाजूंची झाकणं काढावी लागतील, कारण जुन्या डिस्कचे स्क्रू दोन्हीकडून असतात. ते स्क्रू एसएसडीला लावू नका. हार्ड डिस्कचे आटे जाड, एसएसडीचे बारीक. जोर लावलात तर स्क्रू आत जाईल आणि आटे घेऊनच बाहेर येईल. तुमच्या मशीनमध्ये बंद पडलेला डीव्हीडी ड्राइव्ह असणारच. त्याचे स्क्रू बारीक आट्यांचे असतात, ते बरोबर बसतात. साडेतीन इंची खणात अडीच इंची डिस्क बसवायची पट्टी बाजारात मिळते. नाही मिळाली तर दोन्हीकडून चिकटणारी टेप चालते. एसएसडीला ना वजन, ना थरथर. साटाची पिन सरळ घाला, सरळ काढा. एल आकाराची ती काळी जीभ तिरकी ओढली की तुटते, आणि तुटली की डिस्क बाद.

क्लोनच्या वेळी जुनी आणि नवी दोन्ही जोडलेल्या असतात, आणि इथंच माणसं देशोधडीला लागतात. क्लोनझिला डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी दाखवतं. ‘कुठून’ आणि ‘कुठं’ यांची अदलाबदल झाली तर कोऱ्या डिस्कची नक्कल तुमच्या पत्रिकांवर उतरेल. नावावर जाऊ नका, शेजारी लिहिलेलं मॉडेल आणि आकार वाचा. दोन्ही ५०० च्या असतील तर मॉडेल नंबर आधी कागदावर लिहून ठेवा.

झाल्यावर मशीन बंद करून जुनी डिस्क पूर्ण सोडवा, नवीला जुनीच्याच पोर्टवर लावा आणि एकटीवर मशीन चालू करा. दोन्ही ठेवून चालू केलंत तर विंडोजला एकाच सहीच्या दोन डिस्क दिसतात आणि गोंधळ होतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, साटाचा मोड आयडीई असेल तर तसाच राहू द्या. कुणी सांगितलं म्हणून तो बदलून एएचसीआय हा दुसरा मोड केलात तर निळा पडदा येईल, विंडोज चालूच होणार नाही. पेजमेकर उघडा, दोन-तीन जुन्या पत्रिका उघडा, एक प्रिंट काढा.

हे सगळं करायचं आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या दरम्यान. मुहूर्त नसतात, प्रेसला उसंत असते. आणि जुनी डिस्क पुसू नका. पुढची लगीनसराई पार पडेपर्यंत कपाटात राहू दे. या मशीनला इंटरनेटही नको. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच संपले. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर घेऊन पेनड्राइव्हनं आणा.

प्रश्न : मुलानं पुण्याहून १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी पाठवली. यूट्यूबवर बघून मीच बसवली. मशीन चालू होतं, पण ‘धिस पीसी’मध्ये नवी डिस्क दिसत नाही. खराब आली का?
— शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, डिस्क परत पाठवायची घाई नको. नवी डिस्क कोरी असते, आणि कोरी डिस्क ‘धिस पीसी’त दिसतच नाही. स्टार्टवर उजवं बटण दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथं ‘इनिशियलाइझ’ विचारलं तर जीपीटी निवडा, मग काळ्या पट्टीवर उजवं बटण दाबून नवा व्हॉल्यूम करा. ९३१ जीबी दिसेल, ते बरोबर आहे. बहुतेक पत्रं इथंच मिटतात.

तिथंही नसेल तर बोर्डाचं पुस्तक काढा. तुमची पट्टी ज्या खाचेत बसवली तिला एम डॉट टू म्हणतात, पण ती फक्त खाचेची घडण झाली. काही बोर्डांवर त्या खाचेत फक्त साटा जातीची पट्टी चालते. तुमची एनव्हीएमई तिथं बसेल, स्क्रूही लागेल, पण बोर्ड तिला ओळखणार नाही. तसं निघालं तर डिस्कचा दोष नाही. दुकानात बदलून साटा घ्या. आणखी एक, या खाचेत काही लावलं की काही बोर्डांवर एखादं साटा पोर्ट बंद होतं. जुनी डिस्क किंवा डीव्हीडी अचानक गायब झाली असेल तर केबल शेजारच्या पोर्टात लावून बघा.

बसवलीत तुम्ही स्वतः, हे वाचून मला फार बरं वाटलं. शेवटचा तो बारका स्क्रू लावला आहे ना? पट्टी तिरकी उभी राहिली असेल तर तो राहिलाय.

प्रश्न : आमच्या दुकानाचं सगळं खातं टॅलीत. मशीन हळू झालं म्हणून एका टेक्निशियननं एसएसडी टाकली, नवीन विंडोज टाकलं, आणि ‘डी ड्राइव्हचं सगळं घेतलंय’ म्हणाला. टॅलीचा डेटा सी मध्ये होता. जुनी डिस्क त्यानं फॉरमॅट करून ‘जादा साठवणीसाठी’ आतच जोडून दिली आहे. त्यावर मुलानं काही सिनेमे टाकले. काही परत मिळेल का?
— धान्य व्यापारी, लातूर

उत्तर : शेटजी, हे वाचताक्षणी मशीन बंद करा आणि ती डिस्क सोडवा. मुलाला सांगा, आता एकही सिनेमा नको.

साध्या ‘क्विक’ फॉरमॅटमध्ये हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही, फक्त कुठं काय आहे याची यादी नवी होते. जिथं सिनेमे बसले तिथलं गेलं. बाकीचं अजून असण्याची शक्यता चांगली आहे, कारण टॅलीचा डेटा आकारानं सिनेमाच्या मानानं काहीच नसतो. पण त्यानं ‘क्विक’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल, तर विंडोज व्हिस्टापासून पुढं त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात आणि काही उरत नाही. कुठलं केलं हे त्याला विचारा. ५०० जीबीला पूर्ण फॉरमॅट एक-दीड तासांहून जास्त घेतो. ‘पाच मिनिटांत झालं’ म्हणाला तर देवाचे आभार माना.

रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकायचं नाही आणि सापडलेलं त्याच डिस्कवर उतरवायचं नाही. आकड्यांच्या नावाची फोल्डरं शोधायची, टॅली प्रत्येक कंपनीचा डेटा तशा फोल्डरात ठेवते. शोधणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो तुम्हाला फोटो आणि पीडीएफ काढून देईल. दरम्यान सीएंना फोन करा. त्यांच्याकडे मागच्या रिटर्नच्या वेळचा बॅकअप असतो, हे व्यापाऱ्यांना आठवत नाही.

टेक्निशियनवर रागावायचा तुम्हाला हक्क आहे, पण ‘सगळं’ म्हणजे काय हे त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं. मी डिस्क बदलायच्या आधी गिऱ्हाईकाला टॅली उघडून डेटाची जागा बोटानं दाखवायला लावते. टॅलीचं लायसन्सही जुन्या मशीनवर आधी सरेंडर, म्हणजे कंपनीकडे परत जमा, करायचं असतं आणि मगच नवीन विंडोज. तेही तुमचं अडलं असेल.

प्रश्न : ऑनलाइन २ टीबीची एसएसडी पाचशे रुपयांत दिसली. मागवली. ठीक चालतेय. लोक उगाच महाग घेतात का?
— विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बाळा, ती अजून भरली नाहीये. अशा डिस्कच्या डब्यात बहुतेक वेळा एक छोटं मेमरी कार्ड असतं, आणि कंट्रोलरला, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपला, ‘मी २ टीबी आहे’ असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की नवं लिहिलेलं जुन्यावर चढतं. फाइलींची नावं दिसत राहतात, उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते डिस्क पूर्ण भरून परत वाचतं आणि खरी किती ते सांगतं. रात्रभर लावून ठेव. प्रोजेक्टची एकमेव प्रत त्यावर असेल तर आधी ती दुसरीकडे हलव.

प्रश्न : एसएसडी किती वर्षं टिकते? लिहून लिहून झिजते असं ऐकलं, म्हणून घेत नाही.
— निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : झिजते, पण तुमच्या हातून नाही झिजणार, काका. सॅमसंगची ८७० इव्हो, ५०० जीबीची, ३०० टीबी लिहिण्यापर्यंत किंवा ५ वर्षं, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटीत असते. रोज २० जीबी लिहिलंत तरी ३०० टीबी व्हायला ४१ वर्षं लागतील. पासबुकं स्कॅन करून आणि नातवंडांचे फोटो साठवून रोजचे २० जीबी होत नाहीत. भीती वेगळी आहे. हार्ड डिस्क मरायच्या आधी बरेचदा कुरकुरते, एसएसडी न बोलता जाते. तेव्हा बॅकअप एसएसडीला जास्तच पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे लाइट गेली की पुढच्या वेळी कॉम्प्युटर ‘डिस्क नाही’ म्हणतो. घड्याळही भलतंच साल दाखवतं. दुकानात हार्ड डिस्क बदला म्हणाले. बदलू?
— गृहिणी, डोंबिवली

उत्तर : नाही. घड्याळ चुकतंय म्हणजे बोर्डावरचा बटणासारखा सेल संपलाय. सीआर २०३२, घड्याळजीकडेही मिळतो. वीज गेली की बायोसची सेटिंग्ज पुसली जातात आणि मशीन डिस्क शोधायचा क्रम विसरतं. सेल बदला, बायोसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम एकदा लावून द्या. तरीही डिस्क दिसली नाही तर मग दुकान.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचा कॉम्प्युटर पाण्यात गेला. हार्ड डिस्क काढून, वाळवून ठेवली होती. आता नवीन डेस्कटॉपमध्ये डिस्क जोडायला एक पोर्ट मोकळं आहे. वडिलांचे फोटो आहेत त्यात. जोडून बघू का?
— वाचक, सांगलीवाडी

उत्तर : जोडू नका. एकदाही नाही. त्या ऑगस्टमध्ये आणि नंतरही अशा डिस्क माझ्या टेबलावर आल्या, म्हणून इतक्या जोरानं सांगते. हार्ड डिस्क सहसा हवाबंद नसते. झाकणावर एक बारीक भोक असतं, शेजारी ‘हे बुजवू नका’ असं लिहिलेलंही असतं. कृष्णेचं पाणी त्यातून आत गेलं असेल तर पाणी उडून गेलं तरी गाळ आतल्या फिरणाऱ्या प्लेटवर राहतो. वाचणारं डोकं प्लेटपासून केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावर तरंगतं. वीज दिलीत तर ते गाळावर आपटेल आणि प्लेट खरवडेल, मग प्रयोगशाळेतसुद्धा काही करता येत नाही. मी स्वतः अशा डिस्क उघडत नाही. माझ्या दुकानात धूळ आहे. त्यासाठी क्लीन रूम असलेली डेटा रिकव्हरीची जागा लागते, पुण्या-मुंबईत आहेत.

देताना ती पुरात भिजली होती आणि नंतर वीज दिलेली नाही, हे लेखी द्या. तपासणीची फी किती, काही मिळालं नाही तर पैसे किती, हे आधी विचारा. खर्च हजारांत जाईल. फोटो कुणा काका-मामाच्या फोनमध्ये, जुन्या सीडीत सापडतात का, ते आधी बघा.

प्रश्न : बदललेली जुनी हार्ड डिस्क भंगारवाल्याला दिली तर चालेल? त्यात पॅन, आधार, सगळं होतं.
— वाचक, नाशिक रोड

उत्तर : तशीच नको. चालू असेल तर दुसऱ्या मशीनला जोडून पूर्ण फॉरमॅट करा, ‘क्विक’ची खूण काढून. घरगुती कागदपत्रांसाठी तेवढं पुरे. मग ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. भंगारवाल्याकडून ती कुठं जाते आणि तिथं काय जाळतात, ते बघितलंत तर देणार नाही.

चालू नसेल तर फॉरमॅट होणार नाही, मग फोडणंच आलं. स्टारच्या आकाराचा स्क्रूड्रायव्हर लागतो, टी ८ बहुतेक. आतले दोन चुंबक काढून ठेवा, पण बोटं सांभाळा, एकमेकांना चिकटताना कातडी धरतात. साडेतीन इंचीच्या प्लेट बहुतेक ॲल्युमिनिअमच्या असतात, पक्कडीनं वाकवल्या की झालं. लॅपटॉपची अडीच इंची असेल तर तिच्या प्लेट बरेचदा काचेच्या असतात. ती फडक्यात गुंडाळूनच हातोडी मारा, आणि डोळ्यांवर गॉगल घाला.